पोटरीची सावली

भावाच्या पायाला मी चारपैकी तीन गुण दिले, आणि मग लक्षात आलं की आपल्याला कुणी विचारलेलंच नाही. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे नुकताच उजेडाच्या पेटीवर लावला होता. भाऊ खुर्चीत पाय लांब करून बसला होता, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या, भावजय त्याच्या पाठीशी फाइल धरून उभी, आणि मी दाराजवळ, घरातल्या शिकलेल्या बाईने अशा वेळी जिथे उभं राहायचं असतं तिथे. शून्य म्हणजे फट तशीच. चार म्हणजे हाड इथे कधी मोडलं होतं हे सांगूनही पटू नये. ही मोजपट्टी आमच्या प्रयोगशाळेतली, उंदरांच्या हाडांसाठीची, आणि ती डोक्यातून जात नाही. शिंपी जसा समोरच्याचा चेहरा बघायच्या आधी खांदे बघतो तसं माझं झालंय. डॉक्टर पेनाच्या टोकाने दाखवत होते, “नवं हाड चांगलं धरलंय. पण ही मागची बाजू बघा, इथे अजून फट आहे. सहा आठवडे अर्धंच वजन टाकायचं.” भाऊ म्हणाला, “डॉक्टर, एकोणीस दिवसांनी माझी चाचणी आहे.” डॉक्टर म्हणाले, “मग ती तुम्ही देत नाही आहात.” भाऊ हसला. आगीच्या बंबावर एकवीस वर्षं काढलेला माणूस. त्याला कुणी नको म्हटलं की आधी तो हसतो. त्याच्या चाचणीत चार मजल्यांची शिडी असते, खांद्यावर पाण्याची नळी घेऊन चढायची, नळी वर टाकायची आणि उतरायचं. पाय मोडल्यावर तीन महिन्यांत ती दिली नाही तर माणसाला कायमचं टेलिफोनच्या खोलीत बसवतात. तिथे आधीच दोघे बसलेले आहेत, आणि भाऊ त्यांना ‘स्वर्गवासी’ म्हणतो. मी हाडाकडे बघत होते तोवर सगळं ठीक होतं. मग माझी नजर हाडाच्या बाहेर गेली. तिथे फिक्या राखाडी रंगात पोटरीची सावली उतरली होती. दहा आठवडे प्लास्टरात असलेला पाय बाहेर निघतो तेव्हा त्याची काठी झालेली असते. ही पोटरी भरलेली होती. ही सावली माझ्या ओळखीची होती.

बाहेर पॅसेजमध्ये भाऊ पुढे गेला तशी भावजय माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाली, “ताई, थेंबांचा गुण आला बघा. डॉक्टरांना यातलं काही सांगितलं नाही हं आम्ही. उगीच नाक खुपसतात.” “कसले थेंब?” मी विचारलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. “अहो, तुमचेच ना?” भावाने कुबडी काखेत दाबून शर्टाच्या खिशातून घडी घातलेले कागद काढले. घड्यांवर ते फाटायला आले होते, इतक्यांदा उघडलेले. शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, जिथे कुणी कधी वाचत नाही तिथे, आभारांच्या ओळीत माझं नाव होतं आणि त्याच्याखाली निळ्या पेनाने दोन रेघा मारलेल्या होत्या. “औषध विकणाऱ्यांनीच त्यांच्या वेबसाइटवर टाकलाय हा लेख,” तो म्हणाला. “मी म्हटलं असेल काहीतरी थापेबाजी. खाली आलो तर तू! मग काय बघायचंय? आपली ताई आहे म्हटल्यावर डोळे मिटून.” खुशीत आला की तो माझ्या पाठीवर थाप मारतो, तशी त्याने मारली, आणि तोल जाऊन माझाच आधार घेतला. त्याचं सगळं वजन क्षणभर माझ्या खांद्यावर आलं. पाच वर्षांचा होता तेव्हापासून ते तिथेच येत आलेलं आहे.

त्या लेखाबद्दल मला जे ठाऊक आहे ते लेखात नाही. अठ्ठेचाळीस उंदीर होते. सगळ्यांच्या मांडीचं हाड मी मोडलं, भूल देऊन, एका छोट्या यंत्रात, एकाच मापाच्या जोराने, आणि आत बारीक सळई घातली. माझा हात त्याबाबत चांगला होता, आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, सगळ्यांना तसं सांगत. चोवीस उंदरांच्या खाण्यात तो पदार्थ, त्या थेंबांतलाच, मिसळला, चोवीसांच्या नाही. पदार्थ मुळात स्नायू वाढवण्यासाठी कुणीतरी तयार केलेला, बाजारात न आलेला. हाडही त्याने लवकर जुळत असेल का, असा सरांचा प्रश्न. प्रश्न चांगला होता. पाचव्या आठवड्यात एक्स-रे काढले आणि सरांनी त्यांच्यावरचे नंबर झाकून, पत्ते पिसावेत तसे पिसून माझ्यापुढे ठेवले. गुण देणाऱ्याला कुठला फोटो कुठल्या उंदराचा हे कळता कामा नये, नाहीतर त्या गुणांना काही अर्थ नाही. मी दोन दिवस गुण देत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी, तिसाव्या की एकतिसाव्या फोटोला, मला कळलं की मला कळतंय. हाड सांगत नव्हतं, मांडी सांगत होती. पदार्थ खाल्लेल्यांची मांडी जाड झाली होती आणि तिची सावली हाडाच्या दोन्ही बाजूंना स्वच्छ उतरली होती. मी काही खोटेपणा करत नव्हते, एवढं तरी मला म्हणू द्या. पण दोन द्यावेत की तीन असं झालं की संशयाचा फायदा दर वेळी जाड मांडीला जात होता. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी काळा कागद कापला, फोटोंवर असा ठेवला की फक्त हाड दिसावं, आणि सगळे पुन्हा मोजले. फरक जवळजवळ उरला नाही. नंतर ती हाडं काढून यंत्रावर मोडून पाहिली, दोन टेकूंवर ठेवून वरून दाबत जायचं आणि कडकन झालं की आकडा लिहायचा. दोन्हीकडची हाडं थोड्याफार फरकाने सारख्याच जोरात मोडली. नवं हाड जाड होतं, पण त्यात जोर नव्हता. ते वाक्य सरांनी नवव्या पानावर घातलं. माझे पहिले गुण पहिल्या पानावर गेले.

सरांनी मला गप्प बसवलं, असं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. सरांना मी सांगितलंच नाही. चौदा वर्षं ते मला ‘अगं, इकडे ये’ असं बोलावत होते, आणि गुणांचा तक्ता बघितला त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाले, “तुम्ही फार बारीक काम केलंय. तुमचं नाव आपण आभारात घालू या.” तुम्ही! एवढ्याशा शब्दावर मी विकली गेले. नोकरीसाठी, पोटासाठी गेले असते तर लोकांना सांगायला तरी तोंड राहिलं असतं. काळा कागद मी घडी करून पिशवीत टाकला आणि घरी जाऊन चुलीत घालावा तसा कचऱ्यात घातला. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात. माझी तर त्याहून जास्तीची झाली, कारण पुढे कुणीकुणी त्या लेखाचा हवाला देत गेलं, आणि सरांच्या खोलीबाहेर तो चौकटीत लागला. शिवाय मी स्वतःची समजूत घातली होती की उंदरांचंच तर आहे. उंदराच्या हाडाला पाच आठवडे लागतात, माणसाला महिने. उंदीर शिडी चढत नाहीत. माणसांच्या मोडलेल्या हाडावर हे कुणी नीट करून पाहिलेलं माझ्या वाचनात आलेलं नाही. कुठला शहाणा माणूस एवढ्यावर औषध घेईल? हा प्रश्न मी त्या वेळी स्वतःला विचारून मोकळी झाले होते.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. बाटली फ्रिजच्या दारात अंड्यांच्या शेजारी ठेवलेली होती, अंगठ्याएवढी, रबरी टोपणाची. तिच्यावर छापलं होतं, फक्त संशोधनासाठी, माणसांनी घेऊ नये. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. “तसं लिहावंच लागतं,” भाऊ म्हणाला. “सिगारेटच्या पाकिटावर नाही का लिहीत?” “आत काय आहे ते तरी तुला माहीत आहे का?” “ताई, पोटरी बघ.” त्याने पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला. “हातच्या काकणाला आरसा कशाला?” मी हात लावून पाहिलं. पोटरी टणक होती, गरम होती, आणि खाली नडगीच्या कडेने बोट फिरवलं तर एक उंचवटा लागत होता. माझ्या बोटाला तो थांबवतही होता आणि काहीच सांगत नव्हता. “असल्या औषधांनी यकृत बिघडतं. तपासणी केलीस?” मी विचारलं. “दारू पीत नाही, यकृताला काय धाड भरलीय,” तो म्हणाला, आणि भावजयीने दोन कप चहा आणून ठेवला. बोलायला ती वेळ चांगली होती. दार लोटलेलं होतं, टीव्ही बंद होता, मुलगी शिकवणीला गेली होती. मी चहा प्यायले, कप विसळून ठेवला आणि घरी आले.

पुढचे दहा दिवस मी रोज सांगायला निघाले. काम करता करता वाक्यं जुळवत होते, आणि जुळलेली वाक्यं मला न शोभणारी निघत होती. प्रत्येकात कुठेतरी सर यायचे, घाई यायची, पद्धत यायची, मी सोडून सगळे यायचे. मला आमच्या लहानपणाचं एक आठवत राहिलं. आई कामावरून उशिरा यायची, भावाचा अभ्यास मी घ्यायचे, आणि त्याच्या लेखी माझा शब्द म्हणजे शेवटचा. मी एकदा त्याला सांगितलं की देवमासा अंडी घालतो. मासा म्हटल्यावर अंडी घालणारच, असा माझा हिशेब. तो शाळेत तसं म्हणाला. बाईंनी पुस्तक उघडून दाखवलं तरी तो म्हणाला, आमची ताई म्हणते अंडी घालतो. तळहातावर छड्या खाल्ल्या आणि तरीही म्हणाला. घरी येऊन हात दाखवला तो तक्रार म्हणून नव्हे, कमाई म्हणून. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेन. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन मी पाहिलं, बाईंचं बरोबर होतं. त्याला मी ते सांगितलं नाही. कधीतरी पुढच्या इयत्तेत त्याला आपोआप कळलं असणार, आणि त्याने मला ते कधी बोलून दाखवलं नाही. आम्हा भावंडांत असलं बरंच काही न बोललेलं आहे, आणि त्यालाच आम्ही माया म्हणत आलो.

चाचणीला आठ दिवस उरले तेव्हा मी बोलले. तो अंगणातल्या तीन पायऱ्या चढून-उतरून बघत होता, एकच कुबडी घेऊन, आणि तीही नावाला. मी म्हटलं, “बस जरा. तो लेख चुकीचा आहे.” तो बसला. मी सगळं सांगितलं. सावली, जाड मांडी, काळा कागद, पुन्हा मोजलेले गुण, यंत्रावर मोडलेली हाडं, नववं पान. सरांना मी मध्ये आणलं नाही, एवढं साधलं. तो ऐकत होता, एका हाताने पोटरी चोळत. मग म्हणाला, “मग छापलंस कशाला?” “मी छापलं नाही. मी गप्प बसले.” “तेच ते.” त्याने पोटरी चोळणं थांबवलं. “हे बघ ताई, तू आत्ता घाबरलीयेस. मी पहिल्यांदा भरती झालो तेव्हाही तू असंच केलं होतंस. फॉर्मच मिळत नाहीत म्हणालीस.” ते खरं होतं, फॉर्म माझ्या कपाटात होता. “अरे, त्याचा यात काय संबंध?” “संबंध हा, की मला खाली ठेवायचं असलं की तुला काहीतरी सापडतं.” मी म्हटलं, “तुझं हाड जुळतंय ते जुळायचंच होतं म्हणून. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडलीय. पोटरी भरली म्हणून तुला पायात जोर वाटतो, आणि तो जोर तू ज्या हाडावर टाकणार आहेस त्याची मागची बाजू उघडी आहे. डॉक्टर तेच सांगतायत.” त्याने खिशातला कागद काढला, उघडला, माझ्या नावावर बोट ठेवलं. “हे लिहिलं तेव्हा मी मोडलेला नव्हतो. तेव्हा तुला कुणाची काळजी नव्हती. म्हणून हे खरं.” असं कधी कुणी शास्त्र मांडलं नसेल. पुस्तकापेक्षा माझा शब्द मोठा मानणारा मुलगा आता माझ्या शब्दापेक्षा माझं छापलेलं नाव मोठं मानत होता. आणि दोन्ही वेळा चूक तीच, माझी.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना फोन केला. ते चिडले, आधी मला का नाही सांगितलं म्हणाले, लगेच बंद करायला सांगा, रक्त तपासायला पाठवा, आणि त्याला घेऊन या. मी निरोप दिला. भाऊ रक्त द्यायला गेला नाही, डॉक्टरांकडेही गेला नाही, आणि माझ्याशी बोलायचं त्याने बंद केलं. घरातल्या माणसाचा अबोला काय असतो ते मला माहीत होतं, पण हा वेगळा होता. त्यात राग कमी आणि कीव जास्त होती. मी त्याच्या अग्निशमन ठाण्यावर जाऊन साहेबांना सांगू शकले असते. दोन वेळा त्या फाटकापर्यंत गेलेही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं स्वतःशी म्हणून परत फिरले. खरं असं की साहेबांनी विचारलं असतं, तुम्हाला कसं माहीत? आणि मग काळा कागद पुन्हा एकदा काढावा लागला असता, या वेळी परक्यांसमोर. चाचणीच्या आदल्या दिवशी भावजयीचा फोन आला. “ताई, उद्या या. ते बोलले नाहीत तरी तुम्ही आलेलं त्यांना बरं वाटेल.” तिचा आवाज दबलेला होता. मग ती म्हणाली, “पाय टिकेल ना हो?” मी म्हटलं, “मला माहीत नाही.” त्या सगळ्या प्रकरणात मी बोललेलं ते एकच संपूर्ण शास्त्रीय वाक्य.

सकाळची साडेआठची वेळ. ठाण्याच्या मागच्या आवारात सिमेंटचा उंच मनोरा, त्याला लावलेली शिडी, खाली ओल्या नळ्यांची भेंडोळी, आणि तीस-चाळीस माणसं चेष्टामस्करी करत उभी. भाऊ कुबडीशिवाय आला. किंचित लंगडत होता, पण तो लंगडेपणा त्याने चालण्याच्या ऐटीत असा मिसळून टाकला होता की ज्याला माहीत नाही त्याला दिसू नये. माझ्याकडे त्याने पाहिलं, मान हलवली नाही. नळी खांद्यावर घेतली आणि चढायला लागला. दुखरा पाय पायरीवर पडला की मी श्वास धरत होते, दुसरा पडला की सोडत होते. पहिला मजला. कुणीतरी ओरडलं, “ए म्हाताऱ्या, दमलास का?” दुसरा मजला. हाड मोडतानाचा आवाज मला चांगला माहीत आहे. तो लोकांना वाटतो तसा मोठा नसतो, ओली काडी मोडल्यासारखा असतो, आणि तो येण्याआधी क्षणभर काहीच नसतं. तिसऱ्या मजल्याशी भाऊ थांबला. त्याने दुखरा पाय नुसता टेकवून ठेवला होता, वजन हातांवर घेतलं होतं, हे मला खालून दिसत होतं. भावजयीने माझं मनगट धरलं. आणि तेव्हा मला स्वतःच्या मनातलं ऐकू आलं. मी म्हणत होते, आता. आता मोड. मी घाबरलेली नव्हते. मी वाट बघत होते. माझ्या भावाचं हाड चाळीस माणसांसमोर मोडावं आणि सगळ्यांना, त्याला सगळ्यांत आधी, कळावं की त्या अंगणात मी सांगितलं ते खरं होतं. मी एकदा तरी खरं बोलले होते. भाऊ पुन्हा चढायला लागला. वर पोचला, नळी कठड्यावरून आत टाकली, तसाच उतरला आणि खाली आला तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. भावजय रडत होती. मला काय वाटलं ते मला ठाऊक आहे. माझी निराशा झाली.

तो घामाने भिजलेला माझ्यासमोर आला आणि अबोला विसरून त्याने मला जवळ घेतलं. “हिच्यामुळे,” तो सगळ्यांना म्हणाला, “आमच्या ताईमुळे.” त्याच्या अंगाला भिंतीसारखं टेकावं इतका तो घट्ट झाला होता, आणि छाती धडधडत होती. मग त्याला लोकांनी ओढून नेलं. गर्दी पांगली तसा एक माणूस माझ्याजवळ आला, त्याच्याच तुकडीतला, चाळिशीचा, डावा हात गळ्यात बांधलेला. अदबीने म्हणाला, “ताई, मनगट आहे. दोन महिने झाले, धरत नाही. तुमच्या भावाने बाटली कुठून मागवायची ते सांगितलंय. म्हटलं, घ्यायच्या आधी तुम्हाला विचारावं.” मी त्याला सांगितलं. भावाला सांगितलं होतं त्याहून नीट, सुरुवातीपासून, काहीही न गाळता. उंदीर, सावली, माझे गुण, माझं गप्प बसणं. अनोळखी माणसासमोर ते सोपं गेलं. म्हटलं, या औषधाने हाड जुळतं याचा पुरावा नाही, जो आहे तो मी बिघडवलेला आहे. माझं संपल्यावर त्याने मान वळवून मनोऱ्याकडे पाहिलं, मग पाण्याच्या टाकीपाशी मित्रांत दोन्ही पायांवर उभं राहून हसणाऱ्या माझ्या भावाकडे.

“ते सगळं बरोबर असेल, ताई,” तो म्हणाला. “पण तो चढला ना.”

मी मान हलवली. तो चढताना मी खाली उभी राहून काय मागत होते, तेवढं मात्र मी त्याला सांगितलं नाही.